वर्षभर इंग्रजीत लिहिलं, मराठीत कोण लिहून घेणार?

इथे बहुतेक जण राजवाडा, रामबाग, जुन्या वाड्यांच्या आठवणी लिहितात. मी यंदा बारावी झाले. माझ्याकडे सांगण्यासारखी आठवण एकाच वर्षाची, इंग्रजीच्या तासाची. आणि त्यावरून झालेलं एक मत.

सीबीएसईच्या बारावीला इंग्रजीत लेखनाचा वेगळा भाग असतो. नोटीस 50 शब्दांत. निमंत्रण किंवा त्याचं उत्तर, तेही 50 शब्दांत. संपादकांना पत्र, नोकरीचा अर्ज, लेख, रिपोर्ट, हे 120 ते 150 शब्दांत. ऐकायला रटाळ वाटतं, पण वर्षभर लिहीत राहिलं की डोक्याला वळण लागतं. काय, कधी, कुठे, कोणासाठी, यातलं एक जरी सुटलं तरी नोटीस फुकट. शब्द 50च मिळणार म्हटल्यावर नक्की सांगायचं काय, ते आधी ठरवावं लागतं. लेखात मत मांडलं की मॅडम समासात लाल पेनानं विचारायच्या, "कशावरून?"

आता आपल्या घरांकडे बघा. घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी, आणि लिहितो इंग्रजी. माझ्या वयाची मुलं मराठीत लिहितात ते फार तर "आई, उशीर होईल", तेसुद्धा मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत.

मोठी माणसं म्हणतात, मुलांना मराठी येत नाही. मला हे पटत नाही. मराठी कानात आहे, तोंडात आहे. हिंदीमुळे देवनागरी हातात आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना मराठीसाठी अ-आ-इ पासून सुरुवात करावी लागते. आम्हाला नवीन गिरवायचा तो जेमतेम एक 'ळ'! कमी आहे ती फक्त लिहिण्याची सवय, आणि ती लागते कोणीतरी लिहून घेतलं, वाचलं आणि "कशावरून?" विचारलं की.

इंग्रजी-हिंदीमुळे मराठी मागे पडते, हेही पूर्ण खरं नाही. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, 1938 साली आपल्या होळकर कॉलेजातून बी.ए. झाले आणि हिंदीतले मोठे कवी ठरले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत, त्यांना 1979 साली मराठीसाठी साहित्य अकादमी मिळाला. घर एकच, भाषा दोन. ज्या गावात 1917, 1935 आणि 2001 अशी तीनदा मराठी साहित्य संमेलनं भरली, तिथल्या मुलांना मराठीत 50 शब्द जड का जावेत?

गेल्या गणपतीत मी आमच्या कॉलनीची सूचना मराठीत लिहायला घेतली. साचा इंग्रजीच्या वहीतला: वर तारीख, मथळा, मग कार्यक्रम, वेळ, जागा, खाली नाव. त्यात "पाहुणे येऊन राहिले आहेत" असं आपल्या इंदुरी पद्धतीनं लिहिलं. आजोबांनी ते खोडून "येत आहेत" केलं. मी म्हटलं, आजोबा, आपण बोलतो तसंच लिहिलंय. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, सूचनेत "येत आहेत" आणि आठवणी लिहिताना "येऊन राहिले". कुठे कसं लिहायचं यावर त्या दिवशी जेवढं बोलणं झालं, तेवढं आमच्या घरात मराठीबद्दल कधी झालं नव्हतं.

कोणी म्हणेल, नीट-जेईईच्या धावपळीत मुलांना वेळ कुठे? 50 शब्दांना दहा मिनिटं लागतात. मार्क मिळणार नाहीत, हे खरं. पण वाचणारं माणूस मिळालं तर मार्कांची गरज पडत नाही.

म्हणून काका-काकू, आजी-आजोबा, तुम्हाला एक विनंती. "मुलांची मराठी गेली" म्हणून हळहळू नका, आम्हाला काम द्या. हळदीकुंकवाचं बोलावणं, मुंजीची पत्रिका, मामाला आभाराचं पत्र, आजीच्या चकलीची कृती, सगळं आमच्याकडून लिहून घ्या. आणि मग लाल पेन घेऊन बसा. चुका काढा, पण "छान लिहिलंस" म्हणून विषय संपवू नका. "कशावरून?" तेवढं जरूर विचारा.