विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बिघडते?

भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ भागात ई-पीक पाहणी करायची, तर भातखाचरात उभे राहून आधी रेंज शोधावी लागते. रेंज मिळाली तरी ‘सर्व्हर एरर’ येऊ शकते. ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर आली. सातबाऱ्यावर पीक नोंदले नाही, तर नुकसानभरपाई आणि हमीभाव खरेदी, दोन्ही अडतात. त्यामुळे ‘सर्व्हर डाऊन’ एवढ्या उत्तरावर समाधान मानणे परवडणारे नाही.

विनंती कशी पोहोचते?

मोठ्या ऑनलाइन सेवांची रचना साधारण सारखीच असते. मोबाइलवरून निघालेली विनंती टॉवरमार्गे क्लाउडमधील ‘लोड बॅलन्सर’कडे जाते. तो ती मोकळ्या सर्व्हरकडे वळवतो. तिथे प्रोग्राम ‘कंटेनर’मध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या साधनांसह बांधलेल्या स्वतंत्र कप्प्यात चालतो. त्याच्या मागे डेटाबेस असतो.

बिघाड कुठे होतो?

लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची ‘हेल्थ चेक’ घेतो. ही तपासणीच फायरवॉलने अडवली, तर धडधाकट सर्व्हरही आजारी ठरतो. कंटेनरमधला प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ या स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावर ऐकत असेल, तर बाहेरची विनंती त्याला मिळत नाही. उलटही घडते. डेटाबेस अडकलेला असतो, पण तपासणीला ‘ठीक’ असे उत्तर जाते आणि लोक बंद खिडकीकडे पाठवले जातात.

दोष कसा शोधतात?

आतून बाहेर, टप्प्याटप्प्याने. आधी कंटेनरच्या आत, मग यंत्रावरून, मग लोड बॅलन्सरवरून, शेवटी बाहेरून तीच विनंती करून पाहायची. उत्तर जिथे थांबते, तिथे दोष. पडद्यावरचे आकडेही खूण देतात. ५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आले नाही. ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, बहुधा विनंती घ्यायला धडधाकट सर्व्हरच नाही. ५०४ म्हणजे उत्तर वेळेत आले नाही. आकडाच आला नाही, तर विनंती बहुधा तिथवर पोहोचलीच नाही.

मग काय व्हायला हवे?

खरी गोम इथेच आहे. लोड बॅलन्सरच्या नोंदीत फक्त पोहोचलेल्या विनंत्या दिसतात. वेल्ह्याच्या दरीतून निघालेली आणि वाटेतच विरलेली विनंती कुठेच नोंदली जात नाही. मुख्यालयातला तक्ता हिरवा दिसतो आणि दोष शेतकऱ्याच्या माथी येतो.

म्हणून सेवेची तपासणी गावातल्या मोबाइलवरूनही व्हावी. फोटो, वेळ आणि ठिकाण फोनमध्ये जपून पाहणीची तारीख तीच धरावी. नोंद अडली, तर कारण मराठीत सांगून पोच क्रमांक द्यावा. सर्व्हर बंद होता की रेंज नव्हती, हे सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्यावर असता कामा नये.