शंभर डोक्यांत सोनई मावत नाही!



गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर सरकार काय सांगतं? आधी 25 टक्के महिलांच्या किंवा मतदारांच्या सह्या आणा, मग गुप्त मतदान घ्या आणि एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं दुकानबंदीच्या 'आडव्या बाटली'ला मिळवून दाखवा. आणि गावाच्या पैशातून लाखोंची कामं मंजूर करायची तर? शंभर माणसं पुरे. तीही हात वर करून.

नियमच तसा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे 667 मतदारांच्या गावाला 100 आणि हजारो मतदारांच्या सोनईलाही 100! तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. लोक जितके कमी, तितकी मंजुरी सोपी. यात कुण्या सरपंचावर आरोप नाही, पण ही फट कुणाच्या सोयीची आहे हे शहाण्याला सांगायला नको.

कुणी म्हणेल, हिवरेबाजार बघा, तिथं पाण्याचा ताळेबंदसुद्धा ग्रामसभेत मांडतात. खरंय. पण ते गाव लहान. सोनईचे सगळे मतदार कुठल्या मांडवात बसवणार? म्हणून मतपेटी हवी. थेट निवडलेल्या सरपंचावरचा अविश्वास ठराव ग्रामसभेपुढं गुप्त मतदानाला जातो. मग मोठ्या खर्चासाठीही गुप्त मतदान घ्यायला हरकत कसली?

अट मात्र बेताची असावी. कॅलिफोर्नियात नगरपालिकेला मालमत्ता कराच्या जोरावर रोखे काढायचे तर दोन-तृतीयांश मतं लागतात. तिथं एक-तृतीयांश लोक चांगलं कामही अडवून धरतात. शाळांच्या रोख्यांसाठी ती अट 2000 साली 55 टक्क्यांवर आणावी लागली. आम्हाला असली अडवणूक नको. दिवाबत्ती, पाइपाची गळती यांना मतदान नकोच.

मागणी एवढीच: 10 लाखांवरच्या प्रत्येक कामाला गुप्त मतदान, निदान तिसरा हिस्सा मतदार आलेच पाहिजेत, आणि आलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त मतांनी मंजुरी. तहकूब सभेत असा खर्च मंजूर करू नये.

त्यासाठी कायदा मुंबईत बदलावा लागेल. शासनाकडं तशी मागणी करणारा ठराव येत्या ग्रामसभेत मांडतो आहोत. भगिनींनो, त्याआधीच्या महिला सभेत तो तुम्ही पहिल्यांदा मंजूर करा. बाकीच्यांनी सभेला या, इतिवृत्त वाचा आणि मगच सही करा.

— सोनईतील काही मतदार