जुनी वस्तू कोणाची?

गेल्या वर्षी आमच्या शहरातील एका मंडळाने ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू’ ह्या नावाचे एक प्रदर्शन भरवले. कल्पना चांगली होती, आणि लोकांचा उत्साह तर विचारूच नका. कोणी तांब्याचा बंब आणला, कोणी आजेसासूबाईंची पैठणी, कोणी हाताने फिरवायचे शिवणयंत्र. एका गृहस्थांनी रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी चौकटीसह आणली, तर दुसऱ्या एकांनी घराण्याच्या मोडी कागदांचे बाड. मीही एक वस्तू पाठवली. पितळी पट्टी मारलेली लाकडाची पायली. धान्य मापण्याची. कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या, बुडाशी एक बारीक चीर, आणि ती चीर कोणीतरी फार काळजीने लाखेने बुजवलेली.

मंडळाचे चिटणीस पायली पाहून फार खूष झाले. त्यांनी माझ्यापुढे एक छापील पत्रक ठेवले. वस्तूचे नाव, अंदाजे वय, आणि तिसरा प्रश्न : ‘आपल्या घराण्यात किती पिढ्या?’

ह्या तिसऱ्या प्रश्नापाशी माझी लेखणी अडली. कारण ती पायली माझ्या घराण्यातली नव्हती. ती वावरची होती.

वावर हे जव्हार तालुक्यातले गाव. वावर म्हणजे शेत. पण ह्या मुलखात शेत म्हणजे डोंगराच्या उतारावर नागली आणि वरई पेरण्याची जागा, आणि खाचरात जमेल तेवढा भात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशा लोकांची ही वस्ती. १९४८ पर्यंत येथे जव्हारचे संस्थान होते, मग ठाणे जिल्हा आला, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा. राज्याच्या इतर भागाला हे गाव माहीत झाले ते १९९२-९३ साली, वावर-वांगणी ह्या जोडनावाने, कुपोषणाने बालके दगावली तेव्हा. त्या काळात मी त्या तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. पायली मी तेव्हाच घेतली. शंभर रुपयांना.

घेतली कशी, ते प्रांजळपणे सांगतो, कारण पुढचे सारे म्हणणे त्यावर उभे आहे. एका म्हातारीच्या घरी मी मुलांची हजेरी विचारायला गेलो होतो. कोपऱ्यात पायली पालथी पडली होती. मला असल्या वस्तूंची हौस, मी सहज म्हणालो, “आजी, काय झोकदार माप आहे हो!” म्हातारी म्हणाली, “गुरुजी, घेऊन जावा. मापायला घरात दाणा नाय, माप ठेवून काय करू?” मी खिशातून शंभराची नोट काढली. तिने ती घेतली. आणि मी, एक सुशिक्षित मनुष्य, त्या गावात लेकरे मरत असताना, एक जुनी वस्तू मिळाल्याच्या आनंदात पायली काखोटीला मारून चालू लागलो. तीस वर्षे ती माझ्या दिवाणखान्यात होती. तीत मी छत्र्या ठेवीत असे.

हे मी चिटणिसांना सांगितले आणि सुचवले, की पत्रकावर वावरच्या त्या घराचा उल्लेख करावा. शक्य तर त्या गावच्या दोनचार माणसांनाही आपल्या वस्तू घेऊन बोलवावे. चिटणीस सौजन्याने हसले. “अहो गुरुजी, त्यांच्याजवळ जुने असे काय असणार? त्यांचे सारे आयुष्यच हातावरचे!”

हा लेख त्या वाक्याशी भांडण्यासाठी लिहिला आहे. चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. आणि म्हणूनच ते वाक्य धोक्याचे आहे. दुर्जनाने म्हटले असते तर मी सोडून दिले असते.

आधी हे पाहू, की जुनी वस्तू घरात राहते कशी. आपण समजतो, ती घराण्याच्या संस्कारामुळे राहते. मी म्हणतो, ती घराला कुलूप असल्यामुळे राहते. वस्तू टिकायला भिंत लागते, माळा लागतो, आणि मुख्य म्हणजे ती विकावी न लागण्याइतके दोन वेळचे अन्न लागते. ज्याच्या घरी आजोबांचे घड्याळ आहे, त्याच्या घरी आजोबांपासून आजपर्यंत घड्याळ मोडून खाण्याची पाळी आली नाही, एवढेच त्या घड्याळावरून सिद्ध होते. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मिरवण्यासारखेही फारसे नाही.

वावरच्या बाजूला घर म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. भात-नागली घरात आली की त्या मुलखातली कितीतरी बिऱ्हाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. वाचकहो, हा अंक आपण फराळाच्या ताटाशेजारी उघडाल, त्याच सुमारास तिकडे बोचकी बांधली जात असतील. डोक्यावर मावेल तेवढेच बरोबर जाते. अशा घरात शंभर वर्षांपूर्वीचे घड्याळ शोधणारा मनुष्य भाबडा तरी असला पाहिजे, नाही तर निष्ठुर तरी.

पण म्हणून तेथे जुने काही नाही, हे मात्र साफ खोटे आहे. जाते आहे, ते उचलत नाही म्हणून मागे राहते आणि सासूकडून सुनेकडे जाते. हिरवा देव आहे. त्याची मोरपिसे घरात जपलेली असतात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, तेव्हा देवदेवतांची सोंगे निघतात. कोणते सोंग कोणी नाचवायचे, ह्याचा मान ठरलेला असतो आणि तो वडिलांकडून मुलाकडे येतो. मुखवटा कधी लाकडाचा असेल, कधी कागदाच्या लगद्याचा. तो झिजला तर नवा होतो, मान मात्र जुनाच राहतो. लग्नात घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसवतात. ते चित्र पुढच्या पावसाळ्यांत पुसून जाते, आणि पुढच्या लग्नात पुन्हा तसेच उमटते. १९७० नंतर हीच चित्रे कागदावर उतरली, जगभर गेली, आता चौकटीत टांगली जातात. पण भिंतीवरच्या चित्राला टिकण्याची हौस नव्हती. ते पुन्हा काढणारे हात टिकले होते.

हे आपल्याला समजत नाही असे नाही. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नवे बांधतात. शेवटचे २०१३ साली बांधले. त्याला आपण प्राचीन म्हणतो, त्यावर लेख लिहितो आणि माना डोलावतो. मग दर लग्नात नव्याने लिहिल्या जाणाऱ्या चौकाला प्राचीन म्हणताना आपली जीभ का अडखळते? जपानी माणसाजवळ पैसा आहे आणि वारल्याजवळ नाही, ह्याखेरीज दुसरे कारण मला तरी सापडलेले नाही.

आणि सर्वांत जुनी वस्तू कोणती म्हणाल, तर बियाणे. नागली मूळची आफ्रिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखातली. काही हजार वर्षांपूर्वी ती हिंदुस्थानात आली. तेव्हापासून दर वर्षी कोणीतरी, बहुधा बाईमाणसाने, चांगली कणसे निवडून पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवली आहेत. एक वर्ष जरी सारे खाऊन टाकले असते तरी ती साखळी तुटली असती. पोरे भुकेने रडत असताना बियाण्याच्या गाडग्याला हात न लावणे म्हणजे काय, ते ज्याने पाहिले असेल त्यालाच कळेल. आजोबांचे घड्याळ जपायला हा निग्रह लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांतून नागलीची बिस्किटे निघाली. ज्यांनी बी राखले, त्यांना जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात जागा नाही!

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही भावनेच्या भरात बोलता. विकणाऱ्याने राजीखुशीने विकले, घेणाऱ्याने दाम मोजले, ह्यात अन्याय कोठे आला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायला हवे.

‘राजीखुशीने व अकलहुशारीने’ हे शब्द आपल्या जुन्या खरेदीखतांत शोभेने बसलेले असतात. आदिवासींच्या जमिनी सावकारांकडे आणि जमीनदारांकडे गेल्या त्या बहुतेक ह्याच शब्दांच्या छत्राखाली गेल्या. पावसाळ्यात खावटी न्यायची, सुगीला दिढीदुपटीने फेडायची, आणि फिटली नाही की अंगठा. अखेर १९७४ साली महाराष्ट्राने कायदा केला, की १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देता याव्यात. म्हणजे कायद्यालाही कळले, की भुकेल्या माणसाची राजीखुशी ही पोटभरल्या माणसाच्या राजीखुशीसारखी नसते. जे जमिनीला लागू, ते पायलीला का लागू नसावे? मी दिलेले शंभर रुपये हा दाम नव्हता; तिच्या चुलीत त्या दिवशी काही नव्हते, त्याचा मी घेतलेला फायदा होता.

दुसरा आक्षेप असा, की ह्या वस्तू तेथे कुजतात, येथे निदान सुरक्षित राहतात. अर्धा खरा आहे. संग्रहालयाला माझा विरोध नाही. वस्तू कोणाची, कोठून आली, कशी आली, हे नीट लिहून ठेवणारे संग्रहालय मी डोक्यावर घेईन. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू म्हटले आहे. वय मोजले हे ठीकच. पण मालकाची आठवण पुसून नुसते वय जपणे, ह्याला मी जतन म्हणायला तयार नाही. माझ्या दिवाणखान्यात पायली सुरक्षित होती हे खरे. ती तीस वर्षे एकदाही धान्याने भरली नाही, हेही तितकेच खरे.

ही चर्चा केवळ हौशीची असती तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. ‘त्यांच्याजवळ जुने काय असणार?’ हे वाक्य प्रदर्शनाच्या मांडवात राहत नाही, ते कचेरीच्या मेजापर्यंत जाते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा कागद मागतात. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, त्याने तो कोठून आणावा? २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो. मी एका कचेरीत एक वृद्ध गृहस्थ पाहिला. त्याने कमरेचे प्लॅस्टिकचे पुडके सोडले. आत घड्या पडून चिरलेली एक पावती होती : जंगलात नांगर घातल्याबद्दल बापाने भरलेल्या दंडाची. बापाला गुन्हेगार ठरवणारा तो कागद मुलाने आयुष्यभर देवासारखा जपला होता, कारण ‘आम्ही येथे होतो’ असे सांगणारे सरकारी अक्षर त्याच्याजवळ तेवढे एकच होते. वाचकहो, तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, हे आठवा, आणि मग ही पावती तिच्याशेजारी ठेवून पाहा.

गंमत अशी, की कायदा ह्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. त्या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून काय काय चालते? सरकारी कागद चालतात, तशीच झोपडी चालते, शेताचा बांध चालतो, सपाट केलेली जमीन चालते. विहीर, दफनभूमी, देवाची जागा चालते. आणि गावच्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली, लिहून घेतलेली हकीकतही चालते. म्हणजे बांध ही जुनी वस्तू आहे आणि म्हातारीचे बोलणे हीही जुनी वस्तू आहे, हे नियमात छापून आले आहे. तरीही मेजामागचा मनुष्य म्हणतो, “कागद आणा.” कारण तो आमच्या चिटणिसांच्याच संस्कारात वाढला आहे, आणि माझ्याही.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. ज्यांच्या घरी अशा मुलखातून आलेला मुखवटा, वाद्य, माप किंवा देव आहे, त्यांनी तो कोणाचा, कोणत्या साली आणि काय देऊन घेतला, हे आज लिहून ठेवावे. माणूस सापडत असेल तर वस्तू परत करावी. आणि तिकडे काम करणाऱ्या तरुण शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी वस्तू गोळा करण्याची हौस सोडून म्हाताऱ्यांच्या तोंडच्या हकीकती लिहून घ्याव्यात. ग्रामसभेत त्या वाचून दाखवाव्यात, त्यांवर साक्षी घ्याव्यात. तो कागद उपयोगी पडेल. माझी हौस कोणाच्याच उपयोगी पडली नाही.

पत्रकातल्या तिसऱ्या प्रश्नापुढे मी लिहिले : ‘माझ्या घराण्यात एकही नाही.’ मंडळाने वस्तू नियमात बसत नाही म्हणून परत केली. सुगी झाल्यावर मी ती घेऊन वावरला गेलो. म्हातारी केव्हाच गेली होती. सून होती, तीही आता म्हातारीच. तिने पायली ओळखली. चिरेवरची लाख तिच्या सासऱ्याने भरली होती, असे ती म्हणाली. मी क्षमा मागावी म्हणून शब्द जुळवीत होतो, पण तिला तेवढी सवड नव्हती. भट्टीवर जायची गाडी दोन दिवसांवर आली होती आणि बियाणे वेगळे काढायचे होते. तिने पदराने पायली पुसली, नागलीच्या राशीत घातली आणि हाताने सपाट करून मापायला लागली.

चौथ्या मापाला ती थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, बसा. बोलले की मोजणी चुकते.”

मी बसलो.