पडीक कोणाच्या लेखी?

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या कातळाच्या सड्यांना सरकारी दप्तर एकाच विशेषणाने ओळखते, ते म्हणजे पडीक. सातबाऱ्यावर नोंद असते पोटखराबा. याच पोटखराब्यावर कशेळीचा हत्ती कोरलेला आहे. तो सुमारे अठरा मीटर लांब असून त्याच्या देहात इतर प्राण्यांची गर्दी आहे. आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा या कातळांवर दिसतो. ही चित्रे नेमकी किती सहस्र वर्षांपूर्वीची, यावर विद्वानांत एकमत नाही. परंतु २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातील कुशावतीकाठ ही नावे गेली. सुधीर रिसबूड व धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी पदरमोड करून, उन्हातान्हात सडे पालथे घातले म्हणून हे घडले. ज्यांचे हे काम होते ती खाती नंतर जागी झाली.

वाचकहो, यादीत नाव येणे आणि कायद्याचे छत्र मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. युनेस्कोची संभाव्य यादी चिरेखाणीचे एक यंत्रही थांबवू शकत नाही. आपल्या कायद्याचे संरक्षण सुरू होते ते अधिसूचनेपासून. वसई किल्ल्याच्या आसपास राहणाऱ्यांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर निषिद्ध क्षेत्र आणि पुढील दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते. तेथे घराच्या दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. नियम जाचक वाटला तरी मी त्याच्या बाजूचा आहे. माझा आक्षेप एवढाच, की घर शाकारणाऱ्याला अडविणारा कायदा अधिसूचना नसलेल्या चित्राकडे मात्र ढुंकून पाहत नाही. २००६ च्या पर्यावरणीय मंजुरीच्या अर्जात पंधरा किलोमीटरच्या परिघातील कायद्याने संरक्षित क्षेत्रे विचारली जातात. ज्याला संरक्षण दिलेलेच नाही, ते त्या रकान्यात येणार कसे?

वनस्पतींची कथा तर याहून विचित्र. दीपकाडी ही कोकणच्या सड्यांचीच लेक. पावसाच्या आरंभी तिचा पांढरा तुरा वर येतो आणि काही आठवड्यांत दिसेनासा होतो. मागे राहतो तो मातीतला कंद. सीतेची आसवे, गेंद, कीटकांवर जगणारी दवबिंदू हीदेखील पावसाळ्याची पाहुणी. आणि बहुतेक प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालास चालते कोणती माहिती? एका ऋतूची, तीही पावसाळा वगळून! मे महिन्यात सड्यावर उभे राहायचे, करपलेले गवत पाहायचे आणि ‘उल्लेखनीय वनस्पती आढळली नाही’ असे लिहायचे. यात खोटेपणाही करावा लागत नाही. शिवाय अहवाल लिहिणारा सल्लागार निवडतो कोण आणि त्याचे मानधन देतो कोण? प्रकल्पाचा मालक. फ्रान्सने २००१ च्या कायद्याने निराळी वाट काढली. पैसा बांधकाम करणाऱ्यांकडून घ्यायचा, पण जमिनीखाली काय आहे याची प्राथमिक तपासणी सार्वजनिक संस्थेने करायची. आपल्याकडे हे अशक्य का असावे?

चित्रांभोवती कुंपण घालू, मग तर झाले, असे म्हणणारे आहेत. चारही बाजूंनी भराव व कारखाना आणि मध्ये जाळीत एक हत्ती, याला जतन म्हणणे धाडसाचे आहे. कंद उपटून दुसरीकडे लावता येतील, पण ज्या उथळ मातीत व साचत्या पाण्यात ते जगतात, ती कातळाची खळगी कोण उचलून नेणार?

रोजगाराचा प्रश्न खोटा नाही. तरुण मुले मुंबईला जातात आणि गावात म्हातारे उरतात, हे दुःख मी हलके लेखत नाही. परंतु २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस आले, तेव्हा उन्हात आडव्या झालेल्या बायकाही त्याच मुलांच्या आया होत्या. त्यांना विकासाचे शत्रू ठरविणे फार सोपे होते.

परवान्याआधी किमान एका पूर्ण पावसाळ्याची पाहणी झाली पाहिजे, आणि पाहणी करणारा प्रकल्पवाल्याचा मिंधा नसावा. तोवर एक साधन गावाच्या हाती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ज्यांची मुळे तळकोकणात आहेत, त्यांनी या जूनअखेर गावी जावे, आपल्या सड्यावर काय उगवले आहे ते पाहावे आणि ती वही मागून त्यात लिहवून घ्यावे.