निळी रेषा

गेले दोन विकांत फ्लॅट बघण्यात गेले. बाबांची एकच अट, नदी दिसली पाहिजे. मी एजंटला विचारलं, "यातून निळी रेषा कुठून जाते?" तो म्हणाला, "सर, मेट्रोची पर्पल आणि अ‍ॅक्वा आहे. ब्लू नाही अजून."

हसू आलं, पण प्रश्न गंभीर होता. निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द. आता गंमत बघा, हे '२५ वर्षांतून एकदा' ठरतं जुन्या नोंदींवरून. आणि पाऊस तर बदलतोय!

आमच्याच खोऱ्याचं बघा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. परिणाम असा की २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनस साठ टक्क्यांच्या आसपास. उपयुक्त साठा (सुमारे ५३ टीएमसी) संपून तळातला मृतसाठा उपसणं चालू. सोलापूरहून मामाचा फोन, "काय रं, तुमच्याकडं रोज येतंय का पाणी?" येत होतं. काय बोलणार?

आणि त्याच वर्षी २५ जुलैला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकचा विसर्ग, आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. माझ्या मित्राची बाईक पार्किंगमध्येच बुडाली. हेच पाणी मुठा, मुळा-मुठा, भीमा करत उजनीत गेलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरलं. मामा खूश, मित्र गॅरेजमध्ये. नदी तीच!

सरासरी काढली तर सगळं आलबेल. पण सरासरी लोडवर सर्व्हर कोण डिझाइन करतं? हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे कोसळताना जास्त कोसळते.

खोरं आपल्याला नुसतं पाणी देत नाही. काठची मोकळी जमीन पूर पसरू देते, त्याचा वेग मोडते, थोडं पाणी मुरवून पुढे विहिरींना पुरवते. तेही फुकट! आपण टीएमसी मोजतो, हे मोजत नाही. मग त्यावर भराव टाकतो आणि वर 'रिव्हर व्ह्यू'चे जादा पैसे लावतो.

माझं म्हणणं साधं आहे. पूररेषा नव्या पावसाच्या हिशोबाने पुन्हा आखा, आणि तोवर आतला भराव थांबवा. फ्लॅट महागतील? महागू देत. बुडालेला फ्लॅट स्वस्त नसतो.

असो. बाबांना अजून सांगायचंय. नदी बघायला आपण संध्याकाळी पुलावर जाऊ म्हणून :)