भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड

तिजोरीची किल्ली कोणाकडे, हे कापडाच्या पेढीवर विचारावे लागत नाही. पण इंटरनेटची किल्ली कोणाकडे, असे आम्हाला कोणी विचारले असते तर आम्ही भिंतीकडे बोट दाखवले असते. तेथे पासवर्डचा कागद चिकटवलेला होता आणि पेढीवरची बारा माणसे तो एकच वापरीत होती.

याचे फळ आम्ही भोगले. गल्ल्याजवळच्या संगणकावर, जेथे चार-पाच जण आळीपाळीने बसतात, कोणीतरी बनावट बिलाची फाईल उतरवली आणि दोन दिवस सारा हिशेब अडकला. आमच्याकडे सर्व संगणकांची इंटरनेटची ये-जा एका यंत्रातून होते, त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. त्याची नोंद उघडली तर प्रत्येक ओळीत एकच नाव : ऑफिस. संशय नव्या पोरावर गेला, कारण तो नवा होता. तो काही न बोलता काम सोडून गेला. महिन्याभराने आमच्या जुन्या मुनीमजींनी स्वतःच सांगितले की फाईल त्यांच्या हातून उघडली गेली होती.

म्हणून आमचे म्हणणे असे की प्रत्येक माणसाला त्याचे स्वतःचे नाव द्या. व्यापारी बंधू म्हणतील, दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार? टाकावा लागत नाही. सकाळी संगणक उघडताना एकदा टाकला की पुरे. यालाच सिंगल साइन-ऑन म्हणतात.

गोदामाचा व्यवहार आठवा. गिऱ्हाईक पेढीवर येतो, आपण त्याला ओळखून सहीची चिठ्ठी देतो. गोदामवाला सही पाहून गाठी सोडतो. त्याला तिजोरीची किल्ली दाखवावी लागत नाही. कर्बेरॉस नावाची पद्धत अशीच चालते. ती अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात तयार झाली आणि विंडोज २००० पासून विंडोजच्या डोमेनमध्ये तीच मुख्य आहे. मुख्य सर्व्हर चिठ्ठी देतो, प्रॉक्सी ती तपासतो आणि पासवर्ड तारेवरून जातच नाही. जुन्या बेसिक पद्धतीत तो प्रत्येक मागणीबरोबर जवळजवळ उघडाच जातो.

खर्चाचे म्हणाल तर स्क्विड हा प्रॉक्सी फुकट मिळतो. विंडोज सर्व्हर परवडत नसेल तर सांबा आहे. २०१२ साली आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो डोमेनचे काम करतो. पैसे लागतात ते जाणत्या कारागिराचे. आमचे काम दोनदा फसले. पहिल्यांदा ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा आकडी पत्ता दिला होता. तेथे पूर्ण नावच द्यावे लागते, कारण चिठ्ठी नावावर निघते. दुसऱ्यांदा घड्याळ चुकले. दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की चिठ्ठी नाकारली जाते. आमच्या एका संगणकाचे घड्याळ सात मिनिटे मागे होते, आणि कारागीर अर्धा दिवस भलतीकडेच शोधत राहिला!

प्रॉक्सीवर किटॅब नावाची एक फाईल असते. गोदामवाल्याकडे ठेवलेला सहीचा नमुनाच तो. ती चोरीला गेली तर खोट्या चिठ्ठ्या निघतील, म्हणून ती ईमेलने इकडून तिकडे पाठवू देऊ नका. काही हिशेबाच्या प्रोग्रामांना चिठ्ठी दाखवता येत नाही. तेवढ्या ठिकाणांना सूट द्यावी, साऱ्या पेढीला नव्हे.

एक धोका मात्र वाढतो. एका किल्लीने सर्व दारे उघडतात, तेव्हा जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद केलाच पाहिजे. नाहीतर दुसऱ्याची करणी आपल्या नावावर चढेल. आणि माणसांना आधी सांगा की नोंद नावाने ठेवली जाते. चोरून पाहणे आम्हाला मान्य नाही.

भिंतीवरचा कागद आम्ही काढला. त्या पोराच्या घरी आम्ही स्वतः गेलो, चूक कबूल केली आणि परत ये म्हटले. त्याने चहा पाजला, पण तो आता दुसऱ्या पेढीवर आहे.