जुने पॅड परत मागा

ब्रेकचे पॅड बदलले की जुने पॅड गॅरेजच्या भंगारात जातात आणि गाडीमालकाच्या हाती बिल पडते. खरे तर त्या कामातली सर्वांत बोलकी वस्तू तेव्हा फेकली गेलेली असते. पॅड झिजणारच, त्यासाठीच तो असतो. पण एकाच चाकाचे दोन पॅड कमीजास्त झिजले असतील, तर दोष बहुतेक वेळा पॅडचा नसून त्याला दाबणाऱ्या यंत्रणेचा असतो. नुसते नवे पॅड बसवले की तो दोष तसाच राहतो आणि नवे पॅडही त्याच वाटेने जातात. म्हणून झीज कुठे आणि कशी झाली हे पाहिल्याशिवाय पॅड बदलणे म्हणजे अर्धेच काम, असे माझे मत आहे.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना सरकते कॅलिपर असते. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पेडल दाबले की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच जोराने अख्खे कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कला भिडवते. पिनांवरचे रबरी बूट फाटून पाणी शिरले, ग्रीस सुकले, गंज चढला की कॅलिपर सरकत नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या, खाऱ्या हवेतल्या कोकणातल्या गाडीत तर हे व्हायचेच. मग आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जाडच राहतो. पिना मोकळ्या असूनही आतला पॅड झिजत असेल तर पिस्टन पाहावा. ब्रेक सोडल्यावर त्याला किंचित मागे घेणारे रबरी सील थकले किंवा पिस्टन गंजला, तर पॅड डिस्कला घासतच राहतो. उलट बाहेरचा पॅड आधी संपला, तर कॅलिपर पुढे सरकते पण माघारी येत नाही, असा संशय घ्यावा. पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ असेल तर एकच पिन अडकलेली असते किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत रुतलेले असतात. डाव्या-उजव्या चाकांत फरक असेल तेव्हा मात्र जाड पॅड पाहून खूश होऊ नये. कदाचित तेच चाक ब्रेक मारत नसेल आणि दुसरे दोघांचे काम करत असेल. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक जास्त पकडतो आहे. पण फारसे ब्रेक न वापरताही एक चाक भलतेच तापत असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही.

आतला पॅड थोडा जास्त झिजतोच, असे मेकॅनिक सांगतात. ते खोटे नाही. पण एक ३ मिलिमीटर आणि दुसरा ८, याला ‘थोडा’ म्हणता येत नाही. पॅड स्वस्त आहेत, लवकर बदलू, हा युक्तिवाद अधिक घातक. घासत राहिलेला पॅड डिस्क तापवतो, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. कसारा घाट उतरताना तेलात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. तिथे पॅडच्या किमतीचा हिशेब कोण करणार?

एवढे तपासायला वेळ कुठे आहे, हा गॅरेजचा आक्षेप मात्र काही अंशी रास्त आहे. कॅलिपर उघडलेलेच असते, तेव्हा पिना साफ करून ग्रीस लावायला फार वेळ लागत नाही. (ग्रीस ब्रेकसाठीचेच हवे, बेअरिंगचे साधे ग्रीस रबर फुगवते.) पण दोष शोधायला वेळ जातो आणि त्या कामाचे पैसे ग्राहक देत नाही, सुट्या भागांचे देतो, मग गॅरेजही भागच बदलणार. ही मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि ग्राहकाने ती घासाघीस न करता द्यावी. सरकारकडून फार आशा नको: धुराची तपासणी ठरावीक मुदतीने सक्तीची, पण खासगी मोटारीला फिटनेसची पायरी एरवी १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणावेळीच चढावी लागते. तोवर जॉब कार्डावर पुढच्या चारही पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि जुने पॅड कोणत्या चाकाचे, आतले की बाहेरचे, अशी खूण करून परत मागावेत.